गॅलरीस हरकत नाही

पनवेलात आर्ट गॅलरी नाही, ही गोष्ट दिनानाथ कर्णिकांना एकसष्ट सालच्या एका मंगळवारी दाढी करताना खटकली. त्याआधी ती पनवेलात कोणालाही खटकली नव्हती. तांदळाचे व्यापारी सुखी होते, एस्टी स्टँडावरचे टांगेवाले सुखी होते, लाईन आळीतली कुत्रीसुद्धा चित्रांवाचून मजेत होती. पण कर्णिकांच्या गालाला ब्लेड लागलं आणि रक्त पुसता पुसता त्यांनी ठरवून टाकलं, की गॅलरी काढायची आणि ती आपल्याच घराच्या वरच्या खोलीत काढायची.

कर्णिक म्हणजे ड्रॉइंग मास्तर. एकतीस वर्षं शाळेतल्या मुलांकडून आंबा, किटली आणि अर्धी उघडलेली छत्री काढून घेऊन ते नुकतेच रिटायर झाले होते. पनवेलात निदान दोन हजार माणसांना छत्री उत्तम काढता येत होती आणि त्यांपैकी एकालाही छत्रीखेरीज दुसरं काही काढता येत नव्हतं. मास्तर ह्याला आपलं कार्य म्हणत.

मास्तरांनी गॅलरीचा उद्देश एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढला: 'स्थानिक व आंतरराष्ट्रीय कलावंतांस वाव देणे.' हा उद्देश खोटा नव्हता. फक्त अपुरा होता. पुरा उद्देश पलंगामागे जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. तो सहा फूट बाय चार फूट होता, प्लायवूडवर होता, आणि त्याचं नाव 'मिठागरावरील उषःकाल' असं होतं. नऊ वर्षं खपून मास्तरांनी तो रंगवला होता. मुंबईच्या प्रदर्शनात दोनदा पाठवला आणि तो दोनदा छापील चिठ्ठीसह परत आला. दुसऱ्यांदा तर कोपऱ्यावर ओरखडा घेऊन. स्वतःच्या घरातही तो कधी टांगला गेला नव्हता, कारण सत्यवतीबाई भिंतीला खिळा मारू देत नसत. खिळ्याने गिलावा उडतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. मास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपलं चित्र एकदा चार लोकांसमोर खिळ्यावर लटकलेलं बघायचं होतं. पण फक्त आपल्याच चित्रासाठी गॅलरी काढली तर लोक हसतील. म्हणून आधी इतरांना वाव द्यायचा आणि तो देता देता आपण अंग चोरून मध्ये शिरायचं, असा बेत होता. अशा रीतीने वाव देणारी माणसं कलेच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत. मास्तर त्यांतले निदान लाजरे होते.

"वरच्या खोलीत गॅलरी काढावी म्हणतोय," चहा पिता पिता त्यांनी बायकोला सांगितलं.

सत्यवतीबाईंचा चेहरा उजळला. "काढाच हो! किती वर्षं म्हणतेय मी. पापड घालायला जागा नाही घरात."

आता इथे एक खुलासा करायला हवा. जगात गॅलरी म्हणजे चित्रं लावायची जागा असेल. आपल्याकडे गॅलरी म्हणजे घराचा तो बाहेर आलेला भाग, जिथे उभं राहून रस्त्याने कोण कोणाबरोबर चाललंय ते बघतात आणि जिथे ओले टॉवेल टाकतात. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण त्या मंगळवारपासून तो शब्द त्यांना इंग्रजीत ऐकू येऊ लागला होता, आणि ज्याला एखादा शब्द इंग्रजीत ऐकू येऊ लागला त्याला घरातल्या माणसाचं मराठी ऐकू येत नाही.

शेजारचे कमळाकरपंत मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवाकडे वळतात. पंत अर्जांकडे वळले होते. कोणाचाही, कसलाही अर्ज ते हौसेने तपासून देत. घरात लोकांना बोलावून काही दाखवायचं तर परवानगी हवी, हे त्यांनीच मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी अर्ज लिहून नेला: 'राहते घरी वरचे मजल्यावर स्थानिक व आंतरराष्ट्रीय कलावंतांचे कृतींसाठी कलादालन उघडणेस परवानगी मिळावी.'

पंतांनी चष्मा कपाळावर चढवला. "दालन काढा."

"का?"

"कचेरीत दालन म्हणजे साहेबाची खोली. वाचणारा म्हणेल, ह्या मास्तरला साहेबाची खोली घरात हवी. गॅलरी लिहा."

मास्तरांनी 'कला गॅलरी' लिहिलं.

"कला काढा. कला म्हटलं की कागद तमाशाच्या लायसनच्या टेबलावर जातो. तिथून पोलिसांत."

"बरं, मग कलावंत?"

"कलावंत तर आधी काढा! वहिनींना काय वाटेल?"

"आणि आंतरराष्ट्रीय?"

पंतांनी दीर्घ श्वास घेतला. "मास्तर, आंतरराष्ट्रीय राहिलं तर हा कागद दिल्लीला जाईल. दिल्लीला गेलेला कागद मी माझ्या सर्व्हिसमध्ये परत आलेला पाहिला नाही."

शेवटी अर्जात उरलं ते एवढंच: 'राहते घरी वरचे मजल्यावर गॅलरी उघडणेस परवानगी मिळावी.' पंतांनी तो लांब धरून पाहिला. "आता कसा अर्ज दिसतो! शेंबडं पोरही समजेल." कागद कचेरीत दाखल झाला. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, कारण आम्हाला अजून पनवेलात राहायचं आहे.

इकडे मास्तर कलावंत गोळा करू लागले. आंतरराष्ट्रीय कलावंत त्यांच्याजवळ तयार होता. त्याचं नाव सालोमन पनवेलकर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या सालोमनच्या हातच्या. चौपन्न साली तो बायकामुलांसह इस्रायलला गेला, हैफा बंदरात बोटींना रंग देऊ लागला, आणि दर दिवाळीला मास्तरांना मराठीत पत्र पाठवू लागला.

"आंतरराष्ट्रीय आणि पनवेलकर?" कमळाकरपंत म्हणाले. "लोक हसतील. हैफेकर लिहा."

मास्तरांनी मागितल्यावर सालोमनने खरोखरच चित्र पाठवलं. मास्तरांनी पार्सलचं कापड उसवलं तर आत वडाळे तळं. सात वर्षं समुद्रापार राहून, आठवणीने काढलेलं. काठावरची झाडं, पायऱ्या, धुणं बडवणारी बाई, सगळं जिथल्या तिथे. खाली सवयीने शेड दिलेल्या ठसठशीत अक्षरांत 'वडाळे तळे, पनवेल' असंही रंगवलेलं होतं. सत्यवतीबाई ते चित्र बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बिचाऱ्याला करमत नाही हो तिकडे." मास्तरांना मात्र जरा काळजी वाटली. आंतरराष्ट्रीय चित्रात निदान एखादा उंट असायला हवा होता.

स्थानिक कलावंत म्हणजे जनी. ही करंजाड्याची. दर दोन दिवसांनी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आळीत यायची. तिच्या गावच्या एका लग्नात मास्तरांनी तिने तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिलेला चौक पाहिला होता आणि ते जेवायचं विसरून गेले होते. चौकोनाच्या आत नवरा, नवरी, घोडा, ताडाचं झाड आणि वरच्या कोपऱ्यात एक विमान.

"विमान कशाला गं?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"रोज डोक्यावरशी जातंय. त्याला नको बलवाचं लग्नाला?"

जनीला वरच्या खोलीत चौक लिहायला सांगितलं, तेव्हा तिने पाटी खाली ठेवली. "मास्तर, चौक काय असाच लिवतान? लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही, जनी. प्रदर्शन आहे."

"बरं. आन तिचा नवरा कोन?"

मास्तरांनी अर्धा तास कलेविषयी समजावून सांगितलं. जनीने सगळं ऐकून घेतलं, मुळ्याच्या दोन जुड्या सत्यवतीबाईंच्या गळ्यात मारल्या आणि म्हणाली, "लिवते. पन नवरा-नवरी म्होरं बसल्याबिगर चौक तसाच ठेवाचा नाय. आमच्यात नाय चालत." मास्तर घाईघाईने बरं म्हणाले. घाईत दिलेला होकार किती महाग पडतो हे त्यांना लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं.

वरच्या खोलीत भिंती चार. पश्चिमेला जिना. पूर्वेची भिंत सालोमनला दिली, दक्षिणेची जनीला. उत्तरेची भिंत मात्र सबंध, न खिडकी न कोनाडा. दुपारी तीननंतर तिच्यावर असा मऊ उजेड पडे की मीठसुद्धा गोड दिसावं. तिच्याबद्दल कोणी विचारलं तर मास्तर म्हणत, "तिथे एका स्थानिक चित्रकाराचं काम येणार आहे." आणि लगेच दुसरीकडे बघत. निमंत्रणं छापून झाली: रविवार, तीन डिसेंबर, दुपारी तीन वाजता. मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकाचे कलासमीक्षक येण्याचं कबूल झाले. खिळासुद्धा आणला, चार इंची.

आणि मग ओव्हरसिअर आले.

ओव्हरसिअर भगवान ठाकूर मूळचे खाडीकाठच्या जासईचे. पण नोकरीत बोलणं पार घासूनपुसून घेतलेलं. ते स्वतःला कधी 'मी' म्हणत नसत, 'खातं' म्हणत. मोजपट्टी घेऊन ते वर आले आणि खोलीच्या मध्यभागी उभे राहिले.

"गॅलरी कुठे?"

"ही काय," मास्तर हात पसरून म्हणाले.

"ही खोली आहे. खातं गॅलरी विचारतंय. कुठल्या अंगाला काढणार?"

मास्तरांनी घाईघाईने सगळा उद्देश वहीतून वाचून दाखवला. ठाकूरांनी शांतपणे ऐकून घेतला आणि अर्ज पुढे केला. "ह्यात चित्र हा शब्द दाखवा."

शब्द नव्हता. पंतांनी सगळे काढून टाकले होते.

"गॅलरीत तुम्ही चित्रं लावा नाहीतर कपडे वाळत घाला, खात्याला काही घेणंदेणं नाही," ठाकूर म्हणाले. "पण गॅलरी तीन फूट बाहेर आली पाहिजे. पूर्वेला रस्ता, नाही चालणार. दक्षिणेला दुसऱ्याची भिंत. पश्चिमेला जिना. उत्तरेला मोकळी जागा आहे, तिकडे मंजूर. दार ह्या भिंतीत पडेल." आणि त्यांनी उत्तरेच्या त्या सबंध, देखण्या भिंतीवर खडूने फुली मारली.

मास्तर धावत पंतांकडे गेले. अर्ज मागे घेता येईल का? पंत म्हणाले, येईल. पण मंजूर झालेला अर्ज मागे घ्यायचा तर गॅलरी बांधलेली नाही असा पंचनामा लागेल, आणि तो होईपर्यंत त्या घरात गॅलरी ह्या नावाचं काहीही उघडता येणार नाही. "आणि तुमची तर निमंत्रणं गेली. मास्तर, सरकारने दिलेल्याला नाही म्हणू नये. बांधून टाका."

विठू गवंडी आला. उत्तरेच्या भिंतीवर पहिला घाव पडला तेव्हा मास्तर खाली स्वयंपाकघरात बसून होते. प्रत्येक घावासरशी वरून माती पडायची आणि मास्तर डोळे मिटायचे. सत्यवतीबाई मात्र वर उभ्या राहून दार आणखी रुंद कर म्हणून सांगत होत्या. पापडाची ताटं आडवी जायला हवीत. मास्तरांना मनापासून रडू येत होतं. पण साठीच्या घरातला माणूस भिंतीसाठी रडला असं आळीत झालं असतं, म्हणून त्यांनी कांदा चिरायला घेतला.

आठ दिवसांत गॅलरी झाली. सात फूट लांब, तीन फूट रुंद, लाकडी कठड्याची. मास्तर मनाची समजूत घालीत होते, की निदान कठड्याला टेकवून तरी चित्र ठेवू, तोच कचेरीतून नवा कागद आला. गॅलरी काढल्याची रीतसर नोटीस शेजाऱ्यांना गेली होती आणि एका शेजाऱ्याने लेखी हरकत घेतली होती: 'सदर गॅलरीतून आमची न्हाणी दिसते.' खाली सही, कमळाकर.

मास्तरांचा संताप अनावर झाला. ते मधल्या बोळातूनच ओरडले. "पंत! अर्ज तुम्ही तपासलात! बांधून टाका तुम्ही म्हणालात! आणि हरकतही तुम्हीच?"

पंत न्हाणीच्या दारात, कमरेला पंचा, अंगाला साबण, अशा अवस्थेत शांतपणे म्हणाले, "मास्तर, अर्ज तपासला तो मित्र म्हणून. सल्ला दिला तो शेजारी म्हणून. पण नोटीस आली ती माझ्या नावावर आली. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही कागद बिनउत्तराचा ठेवला नाही. आता तुमच्यासाठी ठेवू?"

मास्तर आल्या पावली मागे फिरले. त्यांना त्या क्षणी पंतांचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट ह्याचं वाटलं, की हा माणूस आपल्या कामाशी जितका इमानी होता तितके आपण ड्रॉइंगशी कधीच नव्हतो.

कचेरीचा निर्णय शनिवारी, दोन तारखेला दुपारी आला: 'तक्रारदाराचे बाजूस सहा फूट बाय चार फूट मजबूत आडोसा लावल्याशिवाय गॅलरीचा वापर करू नये. आडोशाची साफ बाजू तक्रारदाराकडे असावी.' उद्या तीन वाजता उद्घाटन. लाकडाच्या वखारी बंद. विठू मोजपट्टी घेऊन सगळं घर फिरला. पलंगामागे त्याला चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. त्याने माप घेतलं.

"मास्तर, ही फली बराबर बसतंय बगा. जशी काय मापानशीच आनलेली."

मास्तरांनी वही उघडून उद्देश पुन्हा वाचला. मग ते म्हणाले, "बसव."

आणि अशा रीतीने नऊ वर्षांचा उषःकाल कठड्यावर ठोकला गेला. साफ बाजू तक्रारदाराकडे. चार इंची खिळा त्याच कामी आला. मास्तरांच्या बाजूला राहिली ती प्लायवूडची उघडी पाठ, पेन्सिलीने केलेल्या दोनचार बेरजा, आणि मुंबईच्या प्रदर्शनाची चिकटवलेली 'परत' अशी चिठ्ठी. चित्र एकदाचं लटकलं होतं. फक्त ते बघायला चित्रकाराला शेजाऱ्याच्या न्हाणीपाशी जावं लागणार होतं. पंतांच्या पत्नी चंद्रावतीबाईंनी मागच्या दारातून मान वर करून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "अगबाई, मोदक! खाली केळीचं पानसुद्धा दाखवलंय." ते मोदक नव्हते, मिठाच्या राशी होत्या. पान नव्हतं, राशींच्या पायथ्याची मळकट छटा होती. तीच छटा एकदा सत्यवतीबाईंनी धूळ समजून ओल्या फडक्याने पुसली होती आणि ती परत आणायला मास्तरांचा सबंध उन्हाळा गेला होता.

रविवारी बरीच गर्दी झाली. माणसं चित्रांना आली होती असं नव्हे. लाईन आळीत नवीन गॅलरी झाली की ती बघायला जातात तशी आली होती. वर येत, सरळ बाहेर जात, कठडा हलवून बघत, मजबूत आहे म्हणत आणि चहा विचारत. समीक्षक साडेचारला पोचले. त्यांना पाच चाळीसची एस्टी गाठायची होती, त्यामुळे ते चित्रांपेक्षा घड्याळाकडे जास्त बघत होते.

सालोमनच्या चित्रासमोर उभे राहून ते म्हणाले, "ही मातीची ओढ परक्या कलावंतालाच कळते. आपल्या माणसाला हे तळं दिसणार नाही." पंत लगेच म्हणाले, "तो आपलाच, पलीकडच्या आळीतला." समीक्षकांनी ते ऐकलं नाही. जनीचा चौक पाहून ते म्हणाले, "आणि हिने यंत्रयुगाला कसं कवेत घेतलंय पाहा." जनीने पदर खोचला.

"ते ऱ्हावद्या. नवरा-नवरी कुठं हायेत?"

मास्तरांना आपला होकार आठवला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पण जनीने पाट मांडलेसुद्धा होते. "तुमी दोगं बसा. नायतं आत्ताच पुसून टाकते." तिने खरंच ओलं फडकं उचललं.

सत्यवतीबाई पुढे झाल्या आणि एका पाटावर शांतपणे बसल्या. "या हो," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला गर्दीत तुमचा चेहरा काही नीट दिसला नव्हता." सगळी आळी हसली. मास्तर, स्थानिक व आंतरराष्ट्रीय कलावंतांचे आश्रयदाते, लालबुंद होऊन बायकोशेजारी बसले. जनीने दोघांच्या कपाळाला हळद लावली आणि दोन ओळी म्हटल्या. समीक्षकांना वाटलं हासुद्धा कार्यक्रमाचा भाग आहे, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग ते वारा खायला बाहेर गॅलरीत गेले आणि तिथे खिळून उभे राहिले.

"हे कोणाचं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. ते प्लायवूडच्या पाठीकडे पाहत होते.

"माझं," मास्तर म्हणाले. "पण ती पाठ..."

"पाठच!" समीक्षकांनी मास्तरांचा हात धरला. "पाठच तर! ह्या बेरजा. ही 'परत' अशी चिठ्ठी. कलावंताने समाजाकडे फिरवलेली पाठ! सबंध प्रदर्शनात एवढंच एक धीट काम आहे, कर्णिक."

एकतीस वर्षांत एवढी स्तुती मास्तरांच्या वाट्याला आली नव्हती. मान डोलावली असती तर काम झालं असतं. पण हळद लावलेल्या कपाळाचा माणूस खोटं बोलायला कचरतो. "अहो, चित्र त्या बाजूला आहे," ते काकुळतीने म्हणाले. "खाली पंतांच्या परसात चला. दोन मिनिटं लागतील. तिथून दिसतं."

समीक्षकांनी घड्याळ पाहिलं. पाच वीस. "नको नको," ते जिना उतरता उतरता म्हणाले. "समोरून पाहिलं की सगळं बिघडतं." आणि टांगा करून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचा लेख आला. त्यात कर्णिकांच्या पाठीवर दोन परिच्छेद होते. मास्तरांनी तो एकदा वाचला, घडी घातली आणि सत्यवतीबाईंना पापडाखाली घालायला दिला. फार वाईट वाटलं त्यांना. चित्र नापसंत होणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. न बघता पसंत होणं त्यांना सोसवेना.

त्यानंतर चार दिवसांनी काम पुरं झाल्याचा दाखला द्यायला ओव्हरसिअर ठाकूर आले. आडोसा तक्रारदाराच्या बाजूने तपासायचा असतो, म्हणून मास्तर, पंत आणि ठाकूर तिघेही पंतांच्या परसात, धुण्याच्या दगडापाशी उभे राहिले. ठाकूरांनी मान वर केली. आणि मग मोजपट्टी गुंडाळायची विसरले.

"त्यावर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आडोसा," मास्तर थकून म्हणाले.

"ते खात्याला दिसतंय. वर काढलंय काय?"

"मोदक," पंत म्हणाले.

"मोदक कसले, पंत!" ठाकूर एक पाऊल पुढे सरकले. बोलता बोलता त्यांची घासलेली भाषा गळून पडली. "मिठाच्या राशी हायेत ह्या. बगा ना, बुडाशी कशी मलकट झालीय ती. शेवटचं मीठ वढलं का खालचा चिखल येतोच वर, कितीबी जपा. आमचा बापूस जलमभर जासईच्या मिठागरान व्हता. त्या मलीपायी शेठच्या शिव्या खाल्ल्यान त्याने." ते थांबले. "मास्तर, ही मली तुमाला कशी गावली?"

तीनच्या पुढची वेळ होती आणि उत्तरेचा तो मऊ उजेड चित्रावर अगदी पुरा पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर स्वतःचं चित्र लांबून, उभ्याने, लटकलेलं बघत होते, आणि शेजारी दुसरा एक माणूस तेच बघत होता. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पंतांनासुद्धा मनातल्या मनात माफ करून टाकलं.

ठाकूरांनी खिशातून पेन काढलं, क्षणभर खातं झाले, आणि दाखल्याच्या शेवटच्या रकान्यात लिहून सही ठोकली.

तो दाखला मास्तरांनी काच लावून आणला. कुठे टांगावा ह्याचा विचार करीत ते गॅलरीत उभे होते, तर सत्यवतीबाई पापडांच्या ताटांतून वाट काढीत आल्या आणि त्यांनी आपल्या हाताने खिळा व हातोडी पुढे केली. "त्या फळीच्या पाठीवर मारा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ह्या बाजूलाही तुमचंच राहील." मास्तरांनी 'परत' ही चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि तिथेच खिळा मारला.

अजूनही कोणी गॅलरी बघायला आलं की आधी तो दाखला वाचतं आणि सत्यवतीबाईंना विचारतं, लोणच्याचं का हो हे? मग मास्तर त्यांना खाली पंतांच्या परसात घेऊन जातात. तिथे पंतांनी आता एक बाक टाकला आहे आणि दुपारी तीन ते पाच न्हाणी बंद ठेवतात, तशी नोटीसच त्यांनी स्वतःच्या न्हाणीच्या दारावर लावली आहे. दाखल्यावर कचेरीचा शिक्का आहे आणि शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, लिहिलं आहे: 'आडोसा लावला आहे. मीठ चांगले उतरले आहे. हरकत नाही.'